प्रतिज्ञेतला देव

प्रश्न: माझी नात न्यू जर्सीत शाळेत जाते. रोज सकाळी झेंड्यासमोर प्रतिज्ञा म्हणतात, त्यात देवाचं नाव येतं म्हणे. मग अमेरिका ख्रिश्चन देश आहे का? तिला नको असेल तर?

उत्तर: आजी, कायद्याने नाही. तिथे सरकारी धर्म नाहीच, १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत तसं स्पष्ट लिहिलंय. आणि गंमत बघा, ही प्रतिज्ञा १८९२ मध्ये लिहिली फ्रान्सिस बेलामी यांनी, ते स्वतः बॅप्टिस्ट पाद्री होते तरी त्यांच्या मूळ ओळीत देव नव्हता, तो आला १९५४ मध्ये, आयझेनहॉवर प्रेसिडेंट असताना, कारण तेव्हा रशियाशी शीतयुद्ध चालू होतं आणि नास्तिक कम्युनिस्टांपेक्षा आपण वेगळे हे दाखवायचं होतं. तिथे अजून यावर वाद होतात, देव मानणं म्हणजेच अमेरिकन असणं असं म्हणणारे खूप आहेत, मला ते अजिबात पटत नाही.

नातीवर सक्ती करता येत नाही. १९४३ मध्येच सुप्रीम कोर्टाने हे ठरवलंय, वेस्ट व्हर्जिनियातल्या जेहोवाज विटनेस पंथाच्या मुलांची केस होती, झेंड्याला सलाम करणं त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हतं. तिला गप्प बसून राहायचं असेल तर खुशाल बसू दे, फक्त आईबाबांनी टीचरशी आधी बोलून घ्यावं.