कमी बजेटमध्ये गाडीसाठी जीपीएस: काय सोडलं तर चालेल?

तुमचा प्रश्न असा आहे: बजेट कमी, रोजचा फोन रस्ता दाखवायला वापरायचा नाही, मग मोठी स्क्रीन, ब्लूटूथ, व्हॉइस कमांड यातलं काय सोडलं तर चालेल? माझ्या मते हे सगळंच सोडलं तरी चालेल. नकाशाच्या बाबतीत मात्र तडजोड करू नका.

जीपीएसचा सिग्नल सगळ्यांना फुकट मिळतो. पूर्वी नागरी वापराच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घातलेली असायची, ती 2 मे 2000 पासून बंद झाली. तेव्हापासून मोकळ्या आकाशाखाली साधं यंत्रसुद्धा काही मीटरच्या आत जागा सांगतं. रस्त्यावर फरक पडतो तो नकाशाचा. नवा उड्डाणपूल नकाशात नसेल तर महागडं यंत्रही तुम्हाला खालच्या रस्त्यावर वळायला लावतं.

म्हणून आधी विचारा की नकाशा अपडेट करायला पैसे पडतात का. 'लाइफटाइम अपडेट' लिहिलेलं असलं तरी त्याच्या अटी वाचा. बहुतेक वेळा हे आयुष्य तुमचं नसतं, कंपनी त्या मॉडेलला जितकी वर्षं सांभाळेल तितकंच असतं. दुसरं, मेमरी कार्डाची जागा आहे का ते बघा. नकाशे दर अपडेटला फुगत जातात. माझ्या पहिल्या यंत्राची मेमरी दोन वर्षांत अपुरी पडली आणि कार्ड घालायला खाचच नव्हती. पूर्ण नकाशा बसेना, म्हणून एकेक प्रदेश काढून टाकावा लागायचा. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर थोडे जास्त पैसे घातले असते.

सेकंडहँड घेणार असाल तर चालू करून तारीख बघाच. जीपीएसच्या मूळ सिग्नलमध्ये आठवड्यांची मोजणी 1024 झाली की पुन्हा शून्यावर येते. अशी वेळ एप्रिल 2019 मध्ये आली, आणि ज्या जुन्या यंत्रांचं सॉफ्टवेअर सुधारलेलं नव्हतं त्यातली काही तेव्हापासून भलतीच तारीख दाखवतात. तसं दिसलं तर घेऊ नका.

बरेच दिवस बंद असलेलं यंत्र पहिल्यांदा लावलं की उपग्रह सापडायला काही मिनिटं लागतात. उपग्रहांची पूर्ण यादी उतरायलाच साडेबारा मिनिटं जातात. तो बिघाड नव्हे. गाडी उघड्यावर उभी करून थांबा. काचेवर उष्णता परतवणारा धातूचा थर असेल तर मात्र सिग्नल अडतो, त्यामुळे आपल्याच गाडीत लावून बघितल्याशिवाय व्यवहार पक्का करू नका.

पाच इंची स्क्रीन पुरते. ती भर उन्हात वाचता येते का, हे जास्त महत्त्वाचं. बॅटरी तासभर टिकली तरी बास, चार्जर लावलेलाच असतो. काही मॉडेलमध्ये ट्रॅफिकची माहिती पकडणारा रिसीव्हर चार्जरच्या केबलमध्येच असतो, तेव्हा मूळ केबल जपा.

आणि एक जुना स्मार्टफोन कपाटात पडून असेल तर खरेदीआधी आठवडाभर तो वापरून बघा. ओएसएमअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स हे इंटरनेटशिवाय चालणारं नकाशाचं ॲप टाका, नकाशे घरीच वायफायवर उतरवून ठेवा. सिम नसलं तरी फोनमधलं जीपीएस चालतं, आणि मधे कुणाचा कॉलही येत नाही.