मासा लागला नाही तो दिवस आधी लिही

अगं, तुझा मेसेज परवा रात्री वाचला, लगेच चार ओळी टाइप केल्या आणि पुसून टाकल्या, कारण त्या जरा तापूनच लिहिल्या होत्या. तुझं म्हणणं असं की काका, मासेमारीचा लॉग ठेवून काही उपयोग नाही, मेमधल्या सगळ्या नोंदी काढून बघितल्या तर एवढंच कळलं की दक्षिणेचा वारा हवा आणि पर्च नावाच्या छोट्या माशाच्या रंगाचं ल्युअर, म्हणजे नकली आमिष, हवं, तर यंदा तसलीच अजून दोन घेऊ का. घेऊ नकोस. पैसे जवळ ठेव, मस्कीची, म्हणजे आपल्या त्या मोठ्या शिकारी माशाची, ल्युअरं काय भावाने मिळतात ते मला माहितीये आणि तुझा स्टायपेंड किती ते पण माहितीये.

तुझी शीट मी उघडून बघितली. मासा लागला ते दिवस आहेत, मासा बोटीपर्यंत मागे आला ते दिवस आहेत. बाकी दिवस कुठे गेले? त्या बाकीच्या संध्याकाळी तू मॅडिसनच्या विंग्रा तळ्यावर नव्हतीस असं सांगू नकोस, गारठलेल्या बोटांचे फोटो तूच ग्रुपवर टाकत होतीस. ते दिवस शीटमध्ये नाहीत कारण "त्या दिवशी काही झालंच नाही". तुझा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो, ल्युअरच्या रंगातून नाही.

जरा हिशोब करून बघ. समज तुला दहा फॉलो, म्हणजे ल्युअरच्या मागे येऊन न लागलेले मासे, आले आणि त्यातले आठ दक्षिणेच्या वाऱ्यात आले. वाटतं ना की झालं, गुपित सापडलं? पण तू एकूण जेवढे तास पाण्यावर होतीस त्यातले पण दहातले आठ तास दक्षिणेचाच वारा असेल तर त्या आकड्यात काय उरलं? काहीही नाही. मासा वाऱ्याकडे बघून आला की तूच वारा बघून घराबाहेर पडलीस, हे ओळखायचं एकच साधन आहे, ते म्हणजे काही न घडलेले तास. तेच तू लिहिले नाहीस. पर्च रंगाचं पण तेच, तू तेवढं एकच ल्युअर दिवसभर फिरवत असशील तर मासा दुसऱ्या कशावर लागणार होता? फक्त आलेली रोकड वहीत मांडणारा आणि उधारी सोडून देणारा वाणी किती दिवस दुकान चालवेल, सांग.

म्हणून परत सांगतो आणि या पत्रात अजून दोन-तीनदा सांगणार आहे, कंटाळलीस तरी चालेल. मासा लागला नाही तो दिवस आधी लिही. मासा लागला तो दिवस नाही लिहिलास तरी लक्षात राहील, फोटो असेल, आईला पाठवलेला असेल, आई म्हणाली असेल की एवढा मोठा मासा आणि सोडून दिलास?

(आमच्या घरी पण हेच. मासे खायचे तर इंडियन स्टोअरमधून फ्रोझन पापलेट आणा, हे पकडून परत सोडायचं काय खूळ. मी उत्तर देणं बंद केलंय.)

आता लिहायचं काय. मस्कीचा सीझन आपल्या दक्षिण विस्कॉन्सिनमध्ये मेच्या पहिल्या शनिवारी उघडतो, वर नॉर्थला मेअखेर, मेमोरियल डेच्या वीकेंडला. या फरकाला कारण आहे. पाणी साधारण 50 ते 60 फॅरनहाइट असताना ही अंडी घालतात, उथळ खाडीत, घरटं नाही, राखण नाही, अंडी टाकली की निघाली. म्हणजे आपल्याकडे उघडायच्या दिवशी बहुतेकांचं ते उरकलेलं असतं, पण वसंत उशिरा आला तर नसतं पण. तेव्हा पहिली नोंद पाण्याच्या तापमानाची. आणि "पाणी 56" एवढं लिहून भागत नाही, कुठे मोजलं आणि किती वाजता ते हवं. मेमध्ये उथळ, काळ्या तळाच्या खाडीत सकाळचं पाणी आणि ऊन खाल्लेलं दुपारचं पाणी यात चार-पाच डिग्री फरक सहज पडतो, दक्षिणेचा वारा वरचं कोमट पाणी उत्तर किनाऱ्याला लोटतो, आणि विंग्रात तर आर्बोरेटमच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या राखीव रानाच्या, बाजूने झऱ्यांचं पाणी येतं ते वेगळंच. व्हिलास पार्कच्या बाजूला मोजलेला आकडा तू आर्बोरेटमच्या कोपऱ्याला लावलास तर ती नोंद नाही, अफवा आहे. सुरुवात करताना मोज, निघताना त्याच जागी परत मोज.

अंडी घालताना जोडी उथळात दिसली तर गळ टाकायचा नाही हे तुला सांगायला नको. पण "दिसली, सोडून दिली" हे वहीत यायला हवं, तारखेसकट. पुढच्या वर्षी तीच ओळ सगळ्यात कामाची ठरते.

मग वेळ. किती वाजता पहिला कास्ट, म्हणजे गळ फेकणं, किती वाजता शेवटचा. तुझ्या शीटमध्ये "संध्याकाळ" लिहिलंय. संध्याकाळ म्हणजे किती तास? ज्या माशाला दहा हजार कास्टचा मासा म्हणतात त्याच्या बाबतीत तास माहीत नसतील तर मासे मोजून करणार काय?

फॉलोबद्दल मात्र तू छान लिहितेस, ते तसंच चालू ठेव. किती खोल होता, ल्युअरच्या किती मागे, घाईत होता की आळसात, बोटीशी ल्युअर पाण्यात आठच्या आकड्यासारखं फिरवल्यावर वळला की खाली बुडाला. अंडी घातल्यानंतरचे थकलेले मासे बरेचदा नुसते बघून जातात, अशा वेळी लहान ल्युअर, सावकाश, हे तू वाचलंयसच. वाचलेलं खरं आहे का ते तुझ्या पाण्यावर बघायचं असेल तर लहान ल्युअरचे रिकामे तास आणि मोठ्या ल्युअरचे रिकामे तास, दोन्ही हवेत. परत आलोच बघ त्याच मुद्द्यावर.

वीड, म्हणजे पाणवनस्पती, किती वर आलंय ते लिही, एक फूट की तीन फूट, हिरवं की गेल्या वर्षीचं तपकिरी. आणि पाण्याचा गढूळपणा. याची मला आजही हळहळ वाटते. विंग्रा पूर्वी असं नव्हतं गं. कार्पनी तळ उकरून उकरून पाणी सतत गढूळ ठेवलेलं, मग 2008 मध्ये बर्फाखालून जाळी लावून टनांनी कार्प काढले आणि तळंच बदललं, पाणी निवळलं, जिथे काही उगवत नव्हतं तिथे वीड आलं. युनिव्हर्सिटीवाल्यांकडे त्याचं सगळं मोजमाप आहे. आमच्यासारख्या गळ टाकणाऱ्यांपैकी कोणाकडे ते आधीचं गढूळ पाणी कागदावर नाही, आणि मस्की तेव्हा कुठे थांबायची आणि नंतर कुठे सरकली यावर आता नुसत्या गप्पा होतात, प्रत्येकाची आठवण वेगळी आणि प्रत्येक जण ठाम. खरं तर सेकी डिस्क म्हणजे काय, 20 सेंटीमीटरची काळी-पांढरी थाळी आणि दोरी, दिसेनाशी झाली की दोरी किती गेली ते लिहायचं. 1865 पासून लोक वापरतायत. तू बनव एक, डब्याच्या झाकणाची बनव.

आणि हे मोजण्याचं खूळ माझं एकट्याचं नाही हे पण सांगून ठेवतो, कारण घरी मला कायम ऐकवतात की निसर्गात जाऊन पण हिशोबनिसाचं काम करतोस. या गावात मेंडोटा तलाव कधी गोठला आणि बर्फ कधी फुटला याच्या नोंदी 1850 च्या दशकापासून आहेत. कोणीतरी "यंदा काही विशेष नाही" म्हणून वर्षं सोडत गेलं असतं तर आज बर्फाचे दिवस कमी झाले हे कशाच्या जोरावर बोललो असतो? आल्डो लिओपोल्ड, तोच तो आर्बोरेटमवाला निसर्ग अभ्यासक, 1935 ते 1945 कुठलं फूल कधी उमललं, कुठला पक्षी कधी आला ते डेन आणि सॉक काउंटीत लिहीत राहिला. त्याला कोणी म्हणालं असेल का की फुलंच बघायची तर वही कशाला?

मदर्स डेचं पण तू ऐकलं असशीलच. सीझन उघडला की लगेच येतो, अगदी पाणी रंगात येतं तेव्हा. माझ्यावर दरवर्षी आरोप होतो की हा माणूस बायकोला ब्रंचला नेऊन घड्याळ बघत बसतो. घड्याळ बघतो, खरं आहे. पण ब्रंच टाळलेला नाही, एकदाही नाही, आणि दुपारी तीननंतरच पाणी तापतं हे माझ्या वहीतच लिहिलेलं आहे, म्हणजे वहीमुळेच मी ब्रंचला बसू शकतो. हे कोणाला पटत नाही ते सोड.

तुझ्या त्या मित्राचं म्हणणं, की पुढे बघणारा सोनार घे, स्क्रीनवर मासा दिसतो, वहीची गरजच काय. दिसतो, नाही म्हणत नाही. पण मासा दिसला म्हणजे तो तिथे का आहे ते कळलं असं होत नाही, आणि ज्या खाडीत तू गेलीच नाहीस तिथलं स्क्रीन काय दाखवणार? शिवाय त्या पैशात तुझं जुनं कयाक सोडून बरी बोट येईल. त्याला सांग, मागच्या मेमधल्या त्याच्या रिकाम्या दिवसांची यादी दे. देणार नाही. कोणीच देत नाही.

मोठ्या माशांच्या नोंदी सगळे ठेवतात आणि भांडणं पण त्यांच्यावरच होतात. 1949 चा लुई स्प्रेचा मस्की मासा, 69 पौंड 11 औंस, चिपेवा फ्लोएज जलाशयातला, तो खरा की खोटा यावर लोक अजून फोटो मोजत बसलेत. मोठ्या माशाबद्दल खोटं बोलून काहीतरी मिळतं. चार तास उभे राहिलो आणि काही नाही, यात खोटं बोलून कोणाला काय मिळणार? म्हणून तुझ्या वहीतली सगळ्यात विश्वासाची पानं तीच असतील.

आता थोडं कामाचं. ॲपवर नको, ओल्या बोटांना फोन ऐकत नाही आणि ॲप "कॅच" टाकल्याशिवाय नोंदच उघडत नाही, तुझी तिथेच फसगत झालीये. पाणी न लागणारी छोटी वही आणि पेन्सिल. पेन नको. पाण्यावर पोचलीस की पहिला कास्ट मारायच्या आधी तारीख, वेळ, तापमान, वारा, आकाश लिहून टाक, म्हणजे पान उघडलेलंच असेल आणि दिवस रिकामा गेला तरी ते भरलेलं राहील. बाकीचं गाडी सुरू करायच्या आधी. घरी जाऊन लिहीन म्हणालीस की संपलं, घरी वरणभात असतो.

आणि यंदा मेमध्ये दोन-तीनदा मुद्दाम वाईट दिवशी जा. उत्तरेचा वारा, पाणी गार, तुझ्या मते फुकट जाणारा दिवस. उजव्या बाजूने पर्च, डाव्या बाजूने दुसरं काहीतरी, अर्धा-अर्धा तास. तक्रार करत जा पण जा. तिथे काही लागलं नाही तर तुझ्या दक्षिणेच्या वाऱ्याला पहिल्यांदा काही अर्थ येईल, आणि लागलं तर मला फोन कर, कितीही वाजता.

थर्मामीटर माझ्याकडे जास्तीचा आहे, दोरीवाला, घेऊन जा. हुक कापायचा कटर मात्र स्वतःचा घे, चांगला घे, त्यात कंजुषी नको, मासा पाण्यातच ठेवून हुक तोडता आला पाहिजे. जाळं माझं मोठं आहे ते वापर. आणि लायसन्स 31 मार्चला संपतं, गेल्या वर्षीचं मेमध्ये चालत नाही, तेवढं आठवणीने काढ.

काका