आधी शब्द, मग कप्पे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले आणि सोबतचा तक्ताही सावकाश पाहिला. संस्थेतील अहवाल, कार्यपद्धती, करार, इतिवृत्ते आणि प्रशिक्षणाचे साहित्य नीट लावण्याचे काम हाती येताच पहिल्या पंधरवड्यात तू सात मुख्य वर्ग आणि त्यांखाली जवळजवळ दोनशे पोटवर्ग आखलेस, यामागचे कष्ट मला दिसतात. तरीही हा तक्ता तूर्त बाजूला ठेव, असे सांगणे मला भाग आहे, कारण त्यातील सातही मुख्य वर्ग म्हणजे तुमच्या सात विभागांची नावे आहेत.

विभागवार रचना आयती मिळते, म्हणून ती सर्वांना प्रथम सुचते. परंतु माहिती शोधणाऱ्या माणसाला ती कोणत्या विभागाने तयार केली हे बहुधा ठाऊक नसते. ठाऊक असते तर त्याने त्या विभागात थेट फोन लावला असता. शिवाय विभाग एकत्र होतात, फुटतात, त्यांची नावे बदलतात, आणि प्रत्येक फेरबदलाबरोबर असे वर्गीकरण कोलमडते. पुरवठादाराशी झालेला करार खरेदी विभागाकडून विधी विभागाकडे गेला, तरी तो पुरवठादाराशी झालेला करारच राहतो. वर्गाचे नाव त्या न बदलणाऱ्या गोष्टीवरून पडले पाहिजे.

हे मला फार महागात शिकावे लागले. मी नोकरीच्या सुरुवातीला ज्या उत्पादन संस्थेत होतो, तेथे एका पंपाचे सील, म्हणजे आतला द्रव बाहेर येऊ न देणारा भाग, वारंवार निकामी होत असे. एका पथकाने तीन आठवडे खपून कारण शोधले: मोटार आणि पंप यांचे आस एका रेषेत नव्हते. त्यांचा सविस्तर अहवाल मी स्वतः ‘यांत्रिक बिघाड’ या फोल्डरमध्ये ठेवला; त्याचे शीर्षक होते ‘सील फेल्युअर’. दोन वर्षांनी दुसऱ्या शाखेतील पथकासमोर तीच अडचण आली. त्यांनी ‘गळती’ हा शब्द शोधून पाहिला, मग ‘लीकेज’, आणि काहीच हाती न लागल्यामुळे तपास पहिल्यापासून केला. माहिती लिहिलेली होती, जपलेली होती, आणि तरीही त्या माणसांपुरती ती अस्तित्वातच नव्हती. ते तीन आठवडे मी आजही विसरलेलो नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की आधी शब्द गोळा करावेत आणि कप्पे नंतर आखावेत. टॅक्सॉनॉमी, म्हणजे तू आखतो आहेस ती वर्गीकरणाची रचना, ही नुसती उतरंड नव्हे; कोणत्या गोष्टीला आपण काय म्हणणार, याविषयी संस्थेतील माणसांनी केलेला तो करार आहे. त्यात प्रत्येक संकल्पनेसाठी एक प्रमाण संज्ञा ठरवतात आणि लोक प्रत्यक्षात वापरतात ते बाकीचे शब्द तिच्याकडे वळवतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने 1960 मध्ये सुरू केलेली ‘मेश’ ही विषयसूची याच रीतीने चालते: ‘हार्ट अटॅक’ असे शोधणाऱ्याला ती ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ या प्रमाण संज्ञेपर्यंत पोहोचवते. शोधणाऱ्याचा शब्द तेथे चुकीचा ठरवला जात नाही, त्याला वाट करून दिली जाते. ही वृत्ती तू पहिल्या दिवसापासून अंगी बाणवावीस, असे मला फार वाटते. ‘लोक चुकीचा शब्द वापरतात’ ही तक्रार मी अनेक बैठकांत ऐकली आहे आणि ती करणाऱ्याच्या सूचीत हमखास तोच शब्द नसतो.

शब्द मिळतात कोठे? तुमच्या शोधपेटीत लोकांनी टाइप केलेल्या नोंदींत, मदतकक्षाकडे आलेल्या प्रश्नांत, ई-मेलच्या विषयओळींत आणि खुद्द दस्तऐवजांच्या शीर्षकांत. विंडम ह्यूम या इंग्रज ग्रंथपालाने 1911 मध्ये मांडलेले तत्त्व असे, की जे साहित्य खरोखर अस्तित्वात आहे त्याच्या आधारावरच वर्ग उभा राहावा. तुझ्या तक्त्यातील दोनशे पोटवर्गांपैकी किती वर्गांत आज एकही दस्तऐवज पडणार नाही, हे एकदा मोजून पाहा. रिकामा कप्पा दिसला की लोकांचा विश्वास उडतो, आणि एकदा उडालेला विश्वास परत मिळवायला फार काळ लागतो.

आता रचनेविषयी, कारण तुझी खरी अडचण तेथे आहे. एक अहवाल एकाच ठिकाणी बसवायचा, या हट्टापायी तुझा वर्ग-पोटवर्गांचा वृक्ष वाढत गेला आहे. अमेरिकन ग्रंथपाल मेल्व्हिल ड्यूई यांच्या 1876 च्या दशमान वर्गीकरण पद्धतीत ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग होते आणि फडताळावरच्या पुस्तकाला एकच जागा मिळणार हे उघड होते. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1933 मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडले, तेव्हा त्यांनी प्रश्नच वेगळा विचारला: या विषयाचे पैलू कोणते? सुटे भाग जोडून हवी ती वस्तू उभी करता येणारे मेकॅनोचे खेळणे लंडनमध्ये पाहून आपल्याला ही दिशा सापडली, असे ते सांगत. त्यांचे पाच मूलभूत पैलू तुला जसेच्या तसे घ्यावे लागणार नाहीत, पण विचार घेण्याजोगा आहे. समज, तुमच्याकडे दस्तऐवजांचे 6 प्रकार, यंत्रांचे 10, समस्यांचे 8 आणि 5 ठिकाणे आहेत. हे सारे एका वृक्षात कोंबले तर तळाशी 2,400 कप्पे होतात. तेच चार स्वतंत्र पैलू ठेवले तर सांभाळायचे शब्द अवघे 29. माझा तो जुना अहवाल मग ‘तपास अहवाल’, ‘पंप’, ‘गळती’ आणि ठिकाणाचे नाव अशा चार खुणा (टॅग) घेऊन चारही बाजूंनी सापडला असता.

प्रत्येक पैलूच्या आत उतरंड असू शकते, मात्र ती तपासून घे. खालची संज्ञा वरच्या संज्ञेचा प्रकार आहे का, हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहावे. ‘पंप हे यंत्र आहे’ हे वाक्य टिकते. ‘सील हा पंप आहे’ हे टिकत नाही, कारण सील हा पंपाचा भाग आहे, प्रकार नव्हे. प्रकार, अंश आणि विशिष्ट उदाहरण ही तीन नाती संज्ञासूचींविषयीच्या आयएसओ 25964 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2011 मधील पहिल्या भागात वेगवेगळी सांगितली आहेत. ती सरमिसळ झाली की शोधणारा एका पायरीवर प्रकार समजून उतरतो आणि दुसऱ्या पायरीवर भलतीकडेच निघतो.

संज्ञेसोबत दोन ओळींची व्याप्तिटीपही लिही, म्हणजे तिच्यात काय येते आणि काय येत नाही हे सांग. ‘गळती: यंत्र किंवा वाहिनीतून द्रव अथवा वायू बाहेर येणे. माहितीच्या गळतीसाठी “माहिती सुरक्षा” ही संज्ञा वापरावी.’ एवढी टीप असली तर खुणा लावणाऱ्या दोघांचे हात एकाच संज्ञेवर पडतात. हल्ली खुणा सुचवणारी सॉफ्टवेअरे आहेत आणि ती वापरण्यास माझी ना नाही. पण संज्ञेचा अर्थच ठरलेला नसेल तर यंत्र तोच गोंधळ अधिक वेगाने पसरवते.

‘इतर’ हा वर्ग काढून टाकावा का, असे तू विचारले आहेस. काढू नकोस, दर महिन्याला उघडून वाच. एकाच जातीचे दहा-बारा दस्तऐवज तेथे साचलेले दिसले, तर सूचीत एक संज्ञा कमी आहे. आणि जुनी संज्ञा कधी पुसू नकोस. तिला निवृत्त कर, नव्या संज्ञेकडे वळव आणि बदल कोणी, केव्हा आणि का केला याची नोंद ठेव. या सर्वांसाठी एक जबाबदार माणूस आणि त्याच्या कामाच्या वेळेतले ठरावीक तास वरिष्ठांकडून आताच मागून घे, कारण प्रकल्प पूर्ण झाल्याचे जाहीर झाल्यावर ते कोणी देत नाही.

पुढच्या पत्रासोबत सुधारलेला तक्ता पाठवू नकोस. गेल्या तीन महिन्यांत शोधपेटीत पडलेले शब्द पाठव आणि ज्यांना एकही उत्तर मिळाले नाही त्यांच्यापुढे खूण कर. ती यादी आपण दोघे मिळून वाचू.

तुझा हितचिंतक