आकडा पुण्यातच ठरव

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

गोव्यात एक संध्याकाळ मांडवी नदीतल्या बोटीवरच्या कॅसिनोत घालवायचा तुमचा बेत कळला. जाऊ नकोस म्हणत नाही. म्हटलं तरी जाशीलच. (२०२० पासून गोवा सरकारने तिथे खुद्द गोमंतकीयांना मज्जाव केलाय, पाहुण्यांना नाही. काय ते समज.) फक्त किती घालवायचे तो आकडा पुण्यात ठरव, बोटीवर नको.

भाडं, घरी पाठवायचे पैसे, हप्ते हे सगळं वजा जाऊन मौजेला जे उरतं, त्यातूनच ही रक्कम काढ. नाटकाच्या तिकिटाचे पैसे परत येतील म्हणून कोणी वाट बघत नाही, तसे हे गेलेच समज. प्रवेशाचे पैसेही त्यातच धर. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर तुझा आकडा शून्य, इथे मी तडजोड करणार नाही. आणि आतली दारू ‘फुकट’ असली तरी बेतानेच घे. दुसऱ्या पेगनंतर पुण्यातला आकडा कोणाला आठवतो?

आता हिशेब. रूलेट म्हणजे फिरत्या चाकात गोळी सोडून आकडा काढायचा खेळ. त्या चाकावर ० ते ३६ असे ३७ खण असतात, शून्य सोडून अर्धे लाल, अर्धे काळे. एका आकड्यावर लावलेले लागले तर एकास पस्तीस मिळतात, वास्तविक छत्तीस मिळायला हवेत. म्हणजे शंभरामागे सरासरी २.७ रुपये कॅसिनोचे. ००चा खणही असेल तर ५.२६. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ही कपात खिशातल्या रकमेवर नसते, लावलेल्या प्रत्येक डावावर असते. पाचशेचा डाव तासात चाळीस वेळा लावलास की वीस हजार फिरले आणि सरासरी ५४० गेले. ही झाली सरासरी; एखाद्या वाईट तासात पाच-दहा हजारही सहज जातात. सात वेळा लाल आलं म्हणून आठव्यांदा काळं येण्याची शक्यता वाढत नाही. म्हणून पैशाबरोबर वेळही ठरव. एक डाव तुझ्या रकमेच्या पन्नासाव्या भागाहून मोठा नको. टेबलावरचा किमान डावच त्याहून मोठा असेल, तर उठ तिथून.

ठरवलेली रक्कम रोख ने, कार्डं हॉटेलात ठेव. यूपीआय ज्या खात्याला जोडलंय त्यात आधीच थोडेच पैसे ठेव. ‘मी मागितले तरी उसने देऊ नका’ हे मित्रांना निघतानाच सांग. जिंकलास तर ते पैसे वेगळ्या खिशात, पुन्हा टेबलावर नाहीत.

परतल्यावर मोबाइलवर हौस भागवायला जाऊ नकोस. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या कायद्याने बंदी आहे. कुठल्यातरी परदेशी अ‍ॅपने पैसे अडकवले तर दाद मागणार कुठे? आणि गेलेले वसूल करायला पुन्हा जावंसं वाटू लागलं, घरी लपवाछपवी सुरू झाली, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर बोल, मोफत आहे. मलाही सांगितलंस तर रागावणार नाही.

रक्कम ठरली की निघण्याआधी कळव. जास्त वाटली तर स्पष्ट सांगेन.

तुझा,
काका