पार्किंगच्या दंडावर हरकत घेतली, उत्तर नाही: नुसते वाट बघत बसू नका

तुमचा प्रश्न वाचून मी कदाचित पुढे गेले असते. पण शेवटची ओळ वाचली, "तसंही पुढच्या महिन्यात घर बदलतोय, तोवर उत्तर येईलच", आणि लिहायला बसले. २०१९ साली मी अगदी याच भरवशावर बसले होते.

मला समजलं ते असं. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेच्या, कार पार्कमध्ये तुम्ही ॲपवरून पैसे भरले, पण ॲपमध्ये जुन्या गाडीचा नंबर राहून गेला. ५० पौंडांची नोटीस लागली. चौथ्या दिवशी तुम्ही वेबसाइटवरून हरकत नोंदवलीत. आता पाच आठवडे झाले, "तुमचा अर्ज मिळाला" या एका ईमेलपलीकडे काही नाही, आणि २५ पौंडांत सुटायचे १४ दिवस केव्हाच संपले. थांबू की भरून टाकू, असं विचारताय.

नोटीस कौन्सिलचीच आहे, खाजगी पार्किंग कंपनीची नाही, हे तुम्ही पाहिलं असेलच. खाजगीचा मार्ग पूर्ण वेगळा असतो, खालचं काहीही तिथे लावू नका. मी लिहितेय ते इंग्लंडपुरतं. मी वकील नाही, एकदा चांगली पोळलेली आहे इतकंच.

आमचं जुनं घर परमिट असेल तरच गाडी लावता येते अशा रस्त्यावर होतं. गाडी नुकती बदललेली, तिचं परमिट यायचं होतं, म्हणून पाहुण्यांसाठी मिळणारं तारीख खरवडायचं कार्ड डॅशबोर्डवर ठेवलं. दार लावताना ते घसरून सीटखाली गेलं. सकाळी वायपरखाली पिवळं पाकीट, ७० पौंड, १४ दिवसांत भरले तर ३५. तिसऱ्या दिवशी मी कार्डाच्या फोटोसकट हरकत पाठवली. पोच आली आणि मी निर्धास्त झाले.

माझी सगळ्यात महाग चूक ती. आपण भारतात वाढलेली माणसं. अर्ज दिला, पोच घेतली की आता चेंडू त्यांच्या कोर्टात, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. ई-चलान तर लोक अदालत लागेपर्यंत निवांत पडून असतात. इथे पोच म्हणजे स्थगिती नसते. तुम्ही आत्ता पाठवलंय ती फक्त अनौपचारिक हरकत. तिला ठरावीक दिवसांत उत्तर दिलंच पाहिजे, असं कायद्याचं बंधन कौन्सिलवर नाही. ती फेटाळली आणि दंड भरला गेला नाही, की ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे त्याच्या पत्त्यावर 'नोटीस टू ओनर', म्हणजे दंडाची औपचारिक नोटीस, निघते. त्या क्षणापासून तुमची आधीची हरकत संपली. पुन्हा सगळं नव्याने, २८ दिवसांच्या आत, त्या नोटिशीत सांगितलेल्या पद्धतीने पाठवावं लागतं. पिवळ्या पाकिटातल्या कागदावरच हे छापलेलं असतं, अगदी बारीक अक्षरात. आत्ता काढून वाचा.

पाच आठवड्यांनी आम्ही घर बदललं. ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता मी पहिल्याच आठवड्यात बदलला, आणि गाडीचा पत्ताही त्यातच बदलला असं समजून चालले. तसं होत नाही. लायसन्सची नोंद वेगळी, गाडीच्या लॉगबुकची, म्हणजे व्ही५सीची, वेगळी. दोन्ही डीव्हीएलएकडेच, म्हणजे गाड्यांची आणि लायसन्सची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडेच, असतात, पण एक बदलल्याने दुसरी बदलत नाही. कौन्सिल पत्ता घेते तो लॉगबुकवरचा.

आणि फोनचं काय सांगू! मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा अर्धा-पाऊण तास थांबून माणूस भेटला, आणि दोन्ही वेळा उत्तर एकच: "प्रकरण विचाराधीन आहे, तुम्हाला काही करायची गरज नाही." दुसऱ्या फोनच्या वेळी नोटीस टू ओनर निघून गेलेली होती. समोरच्या स्क्रीनवर ते दिसत असणारच. "बाई, तुमचा पत्ता हाच ना?" एवढं जरी विचारलं असतं तरी मी वाचले असते. सहा वर्षं झाली, अजून चीड येते. म्हणून सांगते, फोनवर मिळालेल्या आश्वासनावर एक दिवसही काढू नका. जे विचाराल ते लेखी विचारा.

पुढच्या मार्चमध्ये बेलिफचं, म्हणजे वसुली करणाऱ्या अधिकाऱ्याचं, पत्र थेट नव्या घरी आलं. ७० चे दीडपट होऊन १०५, त्यावर कोर्टात नोंदवल्याचा खर्च, त्यावर बेलिफचे त्या वेळचे ७५ पौंड. सगळं मिळून जवळपास १९०, आणि माणूस दारात आला तर आणखी २३५. सासू-सासरे तेव्हा सांगलीहून आलेले होते. सासऱ्यांनी आयुष्यात कर्जाचा एक हप्ता चुकवलेला नाही. त्यांच्यासमोर आमच्या दारात वसुलीवाला उभा राहणार, या एका कल्पनेने मी त्याच दुपारी पैसे भरून टाकले. आठवड्याने जुन्या शेजारच्या काकू पाकिटांचा गठ्ठा घेऊन आल्या. त्यात सगळं होतं. पहिलंच पत्र हरकत फेटाळल्याचं, आणि त्यात ३५ पौंडांची सवलत पुन्हा १४ दिवसांसाठी दिलेली. ते पत्र हातात घेऊन मी बराच वेळ तशीच बसून होते.

तेव्हा मला माहीत नव्हतं, पण तुम्हाला माहीत असू दे: नोटीस टू ओनर खरोखर मिळालीच नसेल, तर नॉर्थॅम्प्टनच्या ट्रॅफिक एन्फोर्समेंट सेंटरकडे टीई९ नावाचं निवेदन देता येतं. कोर्टाच्या आदेशानंतर त्यासाठी २१ दिवस असतात. मुदत उलटली असेल तर उशिराचं कारण देणारा टीई७ त्यासोबत. मान्य झालं तर वाढलेला दंड मागे जातो आणि कौन्सिलला हवं असल्यास नोटीस टू ओनरपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. दंड आपोआप माफ होत नाही, आणि त्यात खोटं लिहिलं तर कोर्टाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते. पण बेलिफच्या पत्राने घाबरून पैसे भरण्याआधी हा रस्ता बघायलाच हवा होता.

आता तुमचं. आज रात्री कौन्सिलच्या साइटवर नोटिशीचा नंबर आणि गाडीचा नंबर टाकून स्थिती बघा, वॉर्डनने काढलेले फोटोही तिथे बहुधा दिसतात. २८ दिवस उलटून गेलेत, म्हणजे नोटीस टू ओनर कधीही निघू शकते, कदाचित निघालीही असेल. त्यामुळे घर बदललं त्याच दिवशी लॉगबुक बदला. ऑनलाइन होतं, फुकट होतं, आणि न बदलल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो तो वेगळाच. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण कौन्सिलने जुना पत्ता आधीच काढून ठेवलेला असू शकतो. नवा पत्ता आणि राहायला जाण्याची तारीख नोटिशीचा नंबर घालून लेखी कळवा. जुन्या पत्त्यावरचं टपाल नव्या घरी वळवायची रॉयल मेलची सेवा पैसे देऊन का होईना, घ्याच. मी त्यात पैसे वाचवले होते.

भरून टाकू का? भरलं की प्रकरण बंद होतं, मग हरकतीला अर्थ उरत नाही. तुम्ही १४ दिवसांच्या आत हरकत घेतलीत, त्यामुळे ती फेटाळली तरी सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सवलत पुन्हा द्यायला हवी. ती मिळाली तर, स्पष्ट बोलायचं तर, तुमच्या जागी मी २५ भरून मोकळी होईन. तुमची बाजू सहानुभूतीची आहे, पण नियमाच्या भाषेत त्या गाडीचे पैसे भरलेले नव्हते. ट्रायब्युनल, म्हणजे कौन्सिलच्या निर्णयावरचं अपील ऐकणारं स्वतंत्र मंडळ, नुसत्या सहानुभूतीवर दंड रद्द करू शकत नाही, फार तर कौन्सिलने फेरविचार करावा असं सुचवतं. इतरांचं मत वेगळं असू शकेल.

सवलत मिळालीच नाही, तर मात्र सोडू नका. पूर्ण ५० आज भरा की ट्रायब्युनलमध्ये हरून भरा, रक्कम सहसा तीच राहते. ती वाढते तारीख चुकली की. ॲपची पावती जोडा, आणि जुनी गाडी विकल्याचं डीव्हीएलएचं पत्र असेल तर ते नक्की जोडा, कारण विकलेली गाडी तुम्ही त्या दिवशी तिथे लावलेली असणं शक्यच नाही, म्हणजे पैसे याच गाडीसाठी होते हे उघड होतं. नोटीस टू ओनरवरच्या औपचारिक निवेदनाला मात्र ५६ दिवसांची मर्यादा आहे. तेवढ्यात निर्णय कळवला नाही, तर निवेदन मान्य झालं असं धरून कौन्सिलला दंड सोडावा लागतो. म्हणून पाठवल्याचा पुरावा जपा. फेटाळलं तर २८ दिवसांत ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनल, लंडनमध्ये असाल तर लंडन ट्रायब्युनल्स. फी नाही, घरबसल्या होतं.

विषय निघालाय म्हणून: गाडी लीजवर असेल तर नोटीस लीज कंपनीकडे जाते, आणि काही कंपन्या आपल्याला न विचारता दंड भरून वर स्वतःचा आकार लावतात. तसं असेल तर त्यांनाही आजच लिहा. आणि ॲपमधून जुनी गाडी काढून टाका.

नोटीस टू ओनर हातात पडली की तिच्यावरची तारीख इथे लिहा. निवेदनाचा मसुदा मी वाचून देईन.