सरळ विचारलं तर आत्महत्येचा विचार डोक्यात भरणार नाही ना?

मानसिक प्रथमोपचाराच्या, म्हणजे मनाने खचलेल्याला डॉक्टरांपर्यंत पोहोचेतो द्यायच्या पहिल्या मदतीच्या, प्रशिक्षणात हा प्रश्न हमखास येतो, आणि तोही चहाच्या सुट्टीत, बाजूला घेऊन. जळगाव एमआयडीसीतल्या एका चटई कारखान्याच्या सुपरवायझरने तो विचारला, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर एक विशिष्ट माणूस होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, दोघांची परवानगी घेतली आहे.)

लूमवरचा जुना ऑपरेटर. जेवणाच्या सुट्टीत डबा सगळ्यांत फिरवणारा, आता डबा न उघडता परत नेतो. भावाच्या बोअरसाठी काढलेलं कर्ज, वसुलीचे फोन. "काय व्हयनं रे भाऊ?" विचारलं की एकच उत्तर, "काही नही नाना, माले झोप येत नही." आणि परवा त्याने स्वतःचा पान्ह्यांचा सेट हेल्परला देऊन टाकला. "आता माले काय लागनार" म्हणाला.

हे शेवटचं ऐकून मी वही बाजूला ठेवली. जपलेली वस्तू अशी वाटून टाकणं साधं नसतं.

"मॅडम, पण मी थेट विचारलं आणि त्याच्या मनात नसेल तर? मीच सुचवल्यासारखं नाही का होणार?"

नाही होणार. या प्रश्नावर बरेच अभ्यास झाले आहेत आणि विचारल्याने आत्महत्येचा विचार वाढतो असं त्यांत दिसलेलं नाही. उलट कित्येकांना हायसं वाटतं. ऑस्ट्रेलियात 2000 साली बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म यांनी हे प्रशिक्षण सुरू केलं, त्यातही पहिल्याच पायरीला हा धोका तपासायला सांगतात. मग निवाडा न करता ऐकायचं, धीर आणि माहिती द्यायची, डॉक्टरांपर्यंत पोहोचवायचं, घरच्या-मित्रांच्या आधाराशी जोडून द्यायचं.

मी त्याला म्हटलं, मला ऑपरेटर समजा आणि विचारा. तो म्हणाला, "तसलं काही वेडंवाकडं तर मनात येत नाही ना रे?"

आपल्याकडे नव्वद टक्के लोक असंच विचारतील. यात 'नाही' हे उत्तर आधीच भरून दिलेलं असतं; समोरचा बिचारा तेच परत करतो. शिवाय 'वेडंवाकडं' म्हटलं की लाज आलीच. मी वाक्य दिलं: "तू जेवत नाहीस, झोपत नाहीस, सामान देऊन टाकलंस, म्हणून विचारतो. आत्महत्येचा विचार येतोय का?" तो शब्द तोंडातून बाहेर पडायला त्याला बराच वेळ लागला. पडल्यावर मात्र प्रश्न बदलले. हो म्हणाला तर? पोलीस केस?

हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही. काही ठरवलंय का, जवळ काही ठेवलंय का, तेही विचारायचं. 'पोराबाळांचा विचार कर' हे भाषण नको, त्याने अपराधीपणाच वाढतो. 'कोणाला सांगणार नाही' असं वचनही द्यायचं नाही. पोलिसांचं म्हणाल तर आत्महत्येचा विचार येणं हा गुन्हा कधीच नव्हता. प्रयत्न केलेला माणूसही तीव्र ताणाखाली होता असं 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा गृहीत धरतो. 2024 पर्यंत लागू असलेल्या जुन्या दंड संहितेत प्रयत्न हा गुन्हा होता, तेव्हाही तसं नव्हतं हे सिद्ध झाल्याशिवाय शिक्षा करता येत नव्हती. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

मी म्हटलं, आजच बोला. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर गेटाबाहेरच्या टपरीपाशी त्याने विचारलं. ऑपरेटर आधी गप्प, मग "हो नाना." तिथूनच 14416 लावला, बायकोला बोलावलं, तिघं सिव्हिलला गेले. घरातली फवारणीची औषधं मेहुण्याने उचलून नेली.

त्या रात्री सुपरवायझरला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर तासभर बसला होता. हे कारखान्यांना सांगावं लागतं, कारण प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट भिंतीवर लावून मोकळं होणारे मालक खूप पाहिले आहेत. प्रथमोपचार करणाऱ्यालाही मन मोकळं करायला जागा हवी.

ऑपरेटर औषधं घेतोय, झोप सुधारली आहे. डॉक्टरांनी रात्रपाळी बंद करायला सांगितलं, म्हणून त्याला दिवसा पॅकिंगला घेतलं. पण पॅकिंगला रोजची मजुरी कमी पडते आणि हप्ते काही कमी झालेले नाहीत. पगार लूमचाच ठेवा, असं मालकाशी बोलणं चालू आहे.