२७१६ ईप्रॉममध्ये (प्रोग्रॅमरने डेटा भरायची मेमरी चिप) डेटा भरत नाही? आधी व्होल्टेज मोजा
चिप मेली असं लगेच ठरवू नका. कोऱ्या चिपमध्ये सगळीकडे एफएफ असतं, म्हणजे सगळे बिट १; भरताना हवे ते बिट ० होतात. भरल्यावरही काही बिट १ च राहिले, तर बहुधा व्हीपीपी, म्हणजे प्रोग्रॅमिंगचा व्होल्टेज, कमी पडतोय.

चिपवरचं नाव पूर्ण वाचा. इंटेलच्या २७१६, २७३२ ला २५ व्होल्ट व्हीपीपी लागतो, २७३२ए ला २१, २७६४ए ला १२.५. तो शेवटचा 'ए' नजरेतून सुटून जास्त व्होल्ट दिले की चिप गेलीच समजा.

मग मल्टिमीटर: २७१६ ची २१ नंबरची पिन (व्हीपीपीची), तीही प्रोग्रॅमिंग चालू असताना. रिकाम्या सॉकेटवर २५ दिसण्याला अर्थ नाही. चिप ३० मिलिअँपिअरपर्यंत ओढते आणि यूएसबीवरच्या बूस्ट कन्व्हर्टरचा (व्होल्टेज वाढवणारं सर्किट) व्होल्टेज तिथेच खाली बसतो. पिनला खेटून ग्राउंडकडे ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा.

चिप घालता-काढताना व्हीपीपी बंद. प्रोग्रॅमिंगच्या अल्गोरिदमचं नंतर बघू.